ऐरणीचें शिंग व तिजवरील अंक

भंडारा हें पितळी भांड्यांकरितां नांवाजलेलें गांव. तेथील संग्राहकांनीं ताम्रपटांइतकेंच जुन्या ऐरणींकडेही लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें.

ऐरण शिंगाला धरून एका हातानें उचलणें, हा पश्चिमेकडे मुठीच्या बळाचा कस मानितात. आपल्याकडील जवळचें उदाहरण जेजुरीचें. तेथें दसऱ्याच्या उत्सवांत खंडोबाचा सुमारें ४२ किलोचा खंडा उचलतात. परंतु खंड्यास मूठ असते. ऐरणीचें धड खालीं लोंबतें, शिंगाचें निमुळतें टोक वर येतें आणि पकड तिकडेच घसरूं लागते.

अशा पराक्रमाची कथा पारखावयाची तर वजन कळलें पाहिजे. पुष्कळ जुन्या इंग्रजी ऐरणींच्या कुशीवर तीन अंक असतात. १–१–१० हे अंक पाहून कोणी ११० पौंड म्हणेल. तें बरोबर नव्हे. पहिला अंक ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटाचा, दुसरा त्याच्या चतुर्थांशाचा म्हणजे २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. एकूण १५० पौंड, म्हणजे सुमारें ६८ किलो झाले.

ऐरण भंगारांत जाण्यापूर्वीं या अंकांचा ठसा घ्यावा. तो नसेल तर कथा उरेल, प्रमाण उरणार नाहीं.