मंडळाचं पान विकिपीडियावर का टिकत नाही?

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, वाशिमच्या अलीकडे जऊळका लागतं. तालुका मालेगाव. (नाशिककडचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं, हे आमच्या भागातल्या माणसाला आयुष्यभर सांगावं लागतं.) या सगळ्या पट्ट्यात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधावं लागेल. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीवरची भजनं गावोगाव नेली. ती रीत अजून चालू आहे. पेटी, ढोलक, टाळ, दोन खंजिऱ्या, एक खणखणीत आवाजाचा म्होरक्या आणि मागे झिलकरी, एवढ्यावर रात्र उजाडते.

अशा मंडळातल्या कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या पोराच्या मनात कधीतरी येतंच की आपल्या मंडळाचं विकिपीडियावर पान का नसावं? तो मोबाइलवरच पान तयार करतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लिंक टाकतो, सगळे अंगठे दाखवतात. एक-दोन दिवसांत पान गायब. मग चर्चा सुरू होते की पुण्या-मुंबईची माणसं खेड्यातलं काही टिकूच देत नाहीत. या तक्रारीत थोडं तथ्य आहे, पण लोक समजतात तिथे नाही. त्याकडे येऊच.

आधी सगळ्यात पसरलेला समज. विकिपीडियावर कुणीही लिहू शकतो, म्हणजे काहीही लिहिता येतं. यातलं पहिलं वाक्य खरं, दुसरं नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. तो लिहिणारे आणि तपासणारे सगळे बिनपगारी स्वयंसेवक. पानावर केलेला प्रत्येक बदल ‘इतिहास’ या कळीमागे तारीख-वेळेसकट जपलेला असतो आणि ‘अलीकडील बदल’ या यादीवर काही जण रोज डोळा ठेवून असतात. सदस्यांनीच निवडलेल्या प्रचालकांना पान वगळण्याचा अधिकार असतो. ते सरकारी अधिकारी नव्हेत. मराठी विश्वकोशाशीही त्यांचा संबंध नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली उभा राहिलेला विश्वकोश वेगळा. तोही आज इंटरनेटवर वाचता येतो, पण त्यातल्या नोंदी नेमलेल्या तज्ज्ञांकडून लिहून घेतल्या जातात. पुष्कळांच्या डोक्यात या दोन्हींची भेसळ असते आणि ते विकिपीडियाबद्दलचा अर्ज मंत्रालयात पाठवायला निघतात.

हा पहारा अगदी चोख असतो असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये कुणीतरी ‘डिचोलीचा संघर्ष’ नावाचा लांबलचक लेख लिहिला. गोव्यातले पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ मध्ये झालेल्या युद्धाची ती हकिकत होती, खाली पुस्तकांची यादीसुद्धा. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जा मिळाला आणि तो पाचेक वर्षं राहिला. २०१२ च्या अखेरीस एका संपादकाने ती पुस्तकं शोधायला घेतली तेव्हा कळलं की असं युद्ध झालंच नव्हतं. १६४० साली शिवराय दहा वर्षांचे होते, तेव्हा कुठलं आलं मराठा साम्राज्य? चौथीतल्या मराठी पोरानेही ही गोम पकडली असती. पण त्या पानापर्यंत ते पोर पोचलं नाही. तेव्हापासून नुसती संदर्भांची यादी पाहून समाधान मानणारे कमी झाले. ते पुस्तक खरंच आहे का आणि त्यात हे खरंच लिहिलंय का, असं विचारणारे वाढले. मंडळाच्या पानाला आडवा येतो तो हाच प्रश्न.

“अहो, पण आमच्या मंडळाची माहिती आमच्यापेक्षा जास्त कुणाला असणार?” बरोबर आहे. तरी ती चालत नाही. हे फक्त खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला येतं असंही नाही. अमेरिकेतला मोठा कादंबरीकार फिलिप रॉथ याच्या ‘द ह्यूमन स्टेन’ या कादंबरीचा नायक अमुक एका माणसावरून बेतलाय, असं तिच्या पानावर लिहिलं होतं. रॉथ म्हणाला की हे चूक आहे, माझा नायक वेगळ्याच माणसावरून सुचला. त्याला उत्तर मिळालं की लेखक म्हणून तुमचा शब्द मोठा, पण दुसरीकडे छापलेला आधार दाखवा. अखेर सप्टेंबर २०१२ मध्ये त्याने ‘द न्यू यॉर्कर’मध्ये विकिपीडियाला खुलं पत्र लिहिलं. ते छापून आलं आणि मग त्याचाच दाखला देऊन लेखात त्याचं म्हणणं आलं. ऐकायला हा प्रकार हास्यास्पद वाटतो, पण त्यामागचा नियम साधा आहे. पानावर बसलेला माणूस खरंच रॉथ आहे की रॉथच्या नावाने आलेला कुणी, हे स्वयंसेवकाला कळायला मार्ग नाही. छापलेलं मात्र कुणालाही काढून पाहता येतं.

म्हणून विकिपीडिया जे मागतो ते आहे स्वतंत्र माणसाने तुमच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं. यात ‘स्वतंत्र’ हा शब्द जड जातो. मंडळानेच लिहून दिलेली बातमी वर्तमानपत्राने जशीच्या तशी छापली, तर ती छापील असूनही मंडळाचीच बोली. स्पर्धेच्या निकालातलं एका ओळीचं नाव हे सविस्तर लिहिणं नव्हे. इंग्रजी विकिपीडियावर संगीतसमूहांसाठी वेगळे निकष आहेत. त्यांत राष्ट्रीय यादीत चढलेलं गाणं, नामांकित कंपनीने काढलेले दोन किंवा अधिक अल्बम, मोठ्या स्पर्धेतला पहिला-दुसरा-तिसरा क्रमांक अशा गोष्टी येतात. आता वाचकानेच पाहावं, खंजिरी भजनाचा अल्बम कोणती नामांकित कंपनी काढते? सिनेमाच्या बॅन्डला हे निकष बसतात, गावच्या मंडळाला नाही. वर म्हटलेल्या तक्रारीतलं तथ्य इथे आहे. माणसं खेड्याच्या विरोधात नाहीत, पण मोजपट्टी शहरी संगीतव्यवसायाकडे पाहून आखलेली आहे.

याच्याशी जोडून येणारा एक समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यापायी हातातला पुरावा फुकट जातो. लोकांना वाटतं, इंटरनेटवर लिंक नसेल तर तो संदर्भच नाही. साफ चूक. कागदावरचा संदर्भ पूर्ण चालतो. वर्तमानपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आणि बातमीचा मथळा एवढं दिलं की झालं. अकोल्याहून निघणाऱ्या दैनिकांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एखाद्या वार्ताहराने मंडळावर स्वतः येऊन लेख लिहिला असेल, तर तो आजच्या दहा यूट्यूब व्हिडिओंपेक्षा मोलाचा. विद्यापीठात लोकसंगीतावर झालेला पीएच.डी.चा प्रबंध, साहित्य संमेलनाच्या स्मरणिकेतला लेख, जिल्ह्याचं गॅझेटियर हे सगळं चालतं. आपल्याकडे होतं काय, की ते कात्रण म्होरक्याच्या घरी फ्रेममध्ये असतं आणि कापताना तारखेची कड गेलेली असते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या बातम्या शोधायच्या तर ‘अकोला’ म्हणून शोधाव्या लागतात, हेही पुष्कळांना सुचत नाही.

आणि जिथे कागदच नाही तिथे? याचा विचार झालेला आहे. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी ‘पीपल आर नॉलेज’ नावाचा माहितीपट आणि त्यासोबत एक प्रयोग केला. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्यांचाच संदर्भ विकिपीडियाच्या लेखांना द्यायचा. ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आल्या, त्यांना छापील पुरावा मागणं म्हणजे त्यांना दाराबाहेर ठेवणं, असा त्यामागचा मुद्दा. मला तो पटतो. विकिपीडियाच्या सर्वसाधारण नियमांत मात्र त्याला जागा मिळाली नाही आणि नजीकच्या काळात मिळेल असं दिसत नाही. उलट दुसरी वाट महाराष्ट्रातच चोखाळली गेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘परी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर एकेक करून येत आहेत, गाणारीच्या आणि गावाच्या नावासकट. ज्या बाईबद्दल कधी एक ओळ छापली गेली नव्हती, तिच्याबद्दल आता संदर्भ देता येतो. वऱ्हाडातल्या खंजिरी भजनांवर एवढं काम व्हायचं आहे. ते विकिपीडियावर होणार नाही, आधी बाहेर व्हावं लागेल.

पैसे देऊन पान करून मिळतं, हा समज शहरातून खेड्यात आला आणि आता ‘गॅरंटीड विकिपीडिया पेज’ म्हणून फोन येतात. पैसे घेऊन लिहिणाऱ्याने कुणाकडून पैसे घेतले ते जाहीर करावं, अशी अट २०१४ पासून आहे. गॅरंटी तर कुणीच देऊ शकत नाही. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने एकाच टोळीची ३८१ खाती बंद केली. आधी नाकारलेल्या लेखांचे मालक गाठायचे, पैसे घेऊन पान चढवायचं, पुढे ते ‘सांभाळण्यासाठी’ दरमहा पैसे मागायचे, असा त्यांचा धंदा होता. मंडळाच्या वर्गणीतून असले हप्ते भरण्यापेक्षा ढोलकाला नवी पुडी घालावी.

पान झालंच, तर ते आपलं होत नाही. त्यात इतर लोक भर घालतील, मंडळात झालेली फूटसुद्धा लिहितील, जर ती कुठे छापून आली असेल. मंडळातल्या माणसाने स्वतःच्या पानावर थेट हात चालवू नये. पानाच्या चर्चापानावर आपण कोण ते सांगून, चूक काय आणि आधार कोणता ते लिहावं. चूक दुरुस्त होण्याची ही सगळ्यात भरवशाची वाट आहे आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी.

भाषेचंही एक आहे. पत्रिकेतला मजकूर जसाच्या तसा चिकटवला की ‘सुमधुर’, ‘सुप्रसिद्ध’, ‘महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गाजलेले’ ही सगळी विशेषणं कापली जातात. नावाआधीचं ह.भ.प.सुद्धा जातं, यात अपमान नाही. सुपारीसाठी दिलेला मोबाइल नंबर तर पहिल्या फेरीतच उडतो. बाहेरची लिंक टाकल्याने आपला चॅनेल गुगलवर वर येईल, ही आशाही सोडावी. विकिपीडियावरच्या बाहेरच्या लिंकांना २००७ पासून अशी खूण असते की शोधयंत्रांनी त्यांना वजन देऊ नये.

मग जऊळक्यातल्या पोराने करावं काय? गावाचं पान घ्यावं. मान्यताप्राप्त गावाला विकिपीडियावर सहसा जागा असते. मराठी विकिपीडियावर गावांची कितीतरी पानं तर दोन ओळींची आहेत. तिथे रेल्वे, शाळा, यात्रा, भजनाची परंपरा लिहायला कुणाची ना नाही. मंडळाचा उल्लेखही एका वाक्यात, कात्रणाच्या दाखल्यासह येऊ शकतो. दुसरं म्हणजे ध्वनिमुद्रण. विकिमीडिया कॉमन्स या सामायिक भांडारात खंजिरी भजनाचा स्वच्छ नमुना चढवता येतो. तिथे मंडळ प्रसिद्ध आहे की नाही हे कुणी विचारत नाही, हक्क कुणाचा एवढंच विचारतात. फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा, फोटोत असणाऱ्याचा नव्हे. आणि इथे आपल्या भागाची खरी अडचण येते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. तुकडोजी महाराज ऑक्टोबर १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेली भजनं २०२९ च्या पहिल्या तारखेला मोकळी होतील. तोवर तुकोबांचा अभंग गावा. चाल मात्र कॅसेटवरच्या कुणा संगीतकाराची नको, गावात म्हाताऱ्यांपासून चालत आलेली असावी.