श्वासावाटे दिलेलें औषध

शस्त्रक्रिया म्हटली कीं घरांतील मंडळींना शस्त्रवैद्याची चिंता. रोग्याच्या उशाशीं बसलेल्या भूलतज्ज्ञाची आठवण फारशी कोणास होत नाहीं. त्याच्यापुढील एका बिकट प्रसंगाची ओळख आम्ही वाचकांस करून देणार आहों.

हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे ढकलते. तिची घडण हलकी, थोडक्या दाबापुरतीच. फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आवळल्या कीं ती थकते. आणि भुलेखालीं प्राणवायु कमी पडला किंवा कार्बन डायऑक्साइड सांचला तर त्या अधिकच आवळतात. वाहिन्या सैल करणारें औषध शिरेंतून द्यावें, तर तें सर्वांगांत पसरून रक्तदाब उतरवितें, आणि थकलेल्या हृदयालाच रक्त पुरेनासें होतें!

यावर उपाय सांपडला तो मोटारींच्या धुरांतही असणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड वायूंत. आपल्या रक्तवाहिन्यांचें अस्तरही तो तयार करतें. त्याचें हें कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो व म्युराड यांस १९९८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यापूर्वींच, १९९१ मध्यें, बोस्टनचे भूलतज्ज्ञ वॉरेन झॅपॉल व त्यांचे सहकारी यांनीं कोकरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले होते: वायु श्वासावाटे दिला तर दाब उतरतो तो फुप्फुसांतलाच. रक्तांत शिरतांच हिमोग्लोबिन त्याला गिळून टाकतें. पुढें तो जातच नाहीं. शिवाय जेथें श्वास पोंचतो तेथल्याच वाहिन्या उघडतात. औषधाचें अल्पायुष्य हाच येथें गुण ठरला, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

मात्रा किती? बहुधा दहा लक्ष भागांत २० भाग. पण देण्याचें काम नाजूक. प्राणवायूच्या संगतींत तो रेंगाळला कीं नायट्रोजन डायऑक्साइड हा दाहक वायु बनतो. भुलेच्या यंत्रांत उच्छ्वास शुद्ध करून पुन्हा वापरण्याची काटकसर असते. येथें ती अंगाशीं येऊं शकते, म्हणून ताज्या वायूचा प्रवाह वाढवितात व रोग्याच्या तोंडाजवळ मापनयंत्र लावतात. वायु महाग पडतो तेथें एपोप्रोस्टेनॉलचे तुषार देतात. मात्र त्यांच्या चिकट द्रवानें श्वासयंत्राच्या गाळण्या चोंदतात.

सर्वांत मोठा धोका औषध एकाएकीं थांबण्याचा. वाहिन्या उसळून आवळतात. म्हणून खाट शस्त्रक्रियागृहांतून निघते तेव्हां या वायूचा सिलिंडरही तिच्याबरोबर चालतो. बाहेर बांकावर बसलेल्या मंडळींना तो एक जादा सिलिंडर दिसतो, इतकेंच.