रोजचे ८३ रुपये आणि विद्यार्थ्याचे ताट

१९०१ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याहून निघालेली काही मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांना खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, सुभेदार रामजींकडे जायचे होते. त्यात बाल भीमराव होते. बैलगाडीच्या त्या प्रवासात डब्यात भरपूर अन्न होते, पण अस्पृश्य म्हणून पाणी मिळेना, आणि पाण्याशिवाय घास उतरेना. मुले अन्न जवळ असून उपाशी झोपली. पुढे बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला.

आज त्याच साताऱ्यात आणि शेजारच्या सांगलीत माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इथून आलेली आपली शेकडो मुले-मुली शिकतात. नळाला पाणी आहे. तरीही त्यांतले अनेक जण अर्धपोटी झोपतात. आम्ही या मुलांसोबत काम करतो. घरून कधी पैसे येतात, कधी येत नाहीत. पहिली काटछाट होते ती नाश्त्याची, मग रात्रीच्या जेवणाची. चहा-बिस्किट, वडापाव, मॅगी यांवर दिवस निघतो. परीक्षेच्या काळात चक्कर येते, पाळीच्या दिवसांत मुली वर्गातून उठून खोलीवर जातात. विचारले तर उत्तर एकच मिळते, "बाबासाहेबसुद्धा उपाशी राहून शिकले."

या उत्तराबद्दल आधी बोलू, मग ताटाबद्दल.

उपासमारीचे कौतुक नको

लंडनमध्ये शिकताना बाबासाहेबांनी पोटाला चिमटा घेतला, रात्री पापडावर भागवले, हे खरे आहे. पण भारतात परतल्यावर त्यांनी काय केले? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. शिकणाऱ्या पोराला आधी राहायला छप्पर आणि दोन वेळचे जेवण हवे, ही त्यांची समज स्वतःच्या उपासातून आलेली होती. आपण उपास तेवढा लक्षात ठेवला आणि वसतिगृह विसरलो.

त्याच काळात, १९२४ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेचे काम साताऱ्यात आणले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारे बोर्डिंग चालवले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. शिक्षणाचा इतिहास म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, तो बराचसा धान्याच्या कोठीचा इतिहास आहे.

तथागतांच्या जीवनातही हीच शिकवण दिसते. शरीर वाळवणारी तपश्चर्या सोडून सुजाताची खीर स्वीकारल्यावर सिद्धार्थाची वाट मोकळी झाली. आळवी नगरीत उपाशी शेतकरी धम्म ऐकायला आला, तेव्हा बुद्धांनी त्याला आधी जेवू घालायला सांगितले, अशी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे.

८३ रुपयांचा हिशोब

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून सुरू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यासाठी तिची वार्षिक रक्कम ४३,००० रुपये ठरली. त्यात भोजनाचे २५,०००, निवासाचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,००० रुपये. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले तर भोजनाला महिन्याला २,५०० म्हणजे दिवसाला साधारण ८३ रुपये पडतात.

एवढ्यात मेस लावली तर बहुतेक ठिकाणी हातात काहीच उरत नाही. शिवाय मेसच्या ताटात भात आणि पातळ आमटी जास्त, डाळ-उसळ कमी. म्हणून चौघांनी मिळून खोलीवर स्वयंपाक करावा, हा आमचा पहिला सल्ला. एका माणसासाठी रांधणे महाग पडते, चौघांना एकच कुकर पुरतो.

एका विद्यार्थ्याचा दिवसाचा शिधा असा धरा : ज्वारी किंवा बाजरीचे पीठ २५० ग्रॅम, तांदूळ १०० ग्रॅम, मटकी, हुलगा, चवळी किंवा डाळ ६० ग्रॅम, शेंगदाणे ३० ग्रॅम, फुटाणे ३० ग्रॅम, एक अंडे, एक पालेभाजी किंवा हंगामातली स्वस्त भाजी, थोडे तेल, कांदा, लिंबू. किरकोळ बाजारात याचा खर्च इंधन धरून साधारण ७० रुपयांच्या आसपास बसतो. उरलेल्या पैशांत केळे किंवा कपभर दूध येते. भाव वर-खाली होतात, म्हणून आकडे स्वतःच्या बाजारातले घालून बघा. पद्धत तीच राहील.

आता यातून मिळते काय ते पाहू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोच्या मुलाला सुमारे ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या मुलीला सुमारे ४६ ग्रॅम. वरच्या शिध्यात पिठातून २५, तांदळातून ८, कडधान्यातून १२, शेंगदाण्यांतून ७, फुटाण्यांतून ६ आणि अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. बेरीज ६४. कुठलीही महागडी पावडर न घेता गरज भागून उरते.

खरेदी करताना एकच प्रश्न विचारा : या दहा रुपयांत प्रथिने किती? दहा रुपयांच्या वेफर्समध्ये नगण्य. दहा रुपयांच्या शेंगदाण्यांत किंवा फुटाण्यांत पंधरा ग्रॅमच्या आसपास. सोयाबीन वडी तर याहूनही स्वस्त पडते, तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. आठवड्यातून दोनदा ती भाजीत टाका.

आपल्याच शिवारातले अन्न

हुलग्याचे माडगे, शेंगोळे, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, अंबाडी, शेंगदाण्याची चटणी हे दुष्काळी पट्ट्यातले आपल्या आजीचे जेवण. शहरात आल्यावर त्याची लाज वाटू लागते, कारण ते "गरिबाचे खाणे" म्हणून हिणवले गेले. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकाने ताटातली ही जात उघडी करून दाखवली. पोषणाच्या बाजूने पाहिले तर हे खाणे वडापावापेक्षा कितीतरी सरस आहे. जावळी-पाटणच्या डोंगरात पिकणारी नाचणी घ्या. तिच्या १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, दुधाच्या जवळपास तिप्पट. दूध परवडत नसेल तर सकाळी नाचणीची आंबील करा.

खोलीवर शेगडी लावू देत नसतील तर मटकी रात्री भिजवून, कापडात बांधून मोड आणा. कांदा, लिंबू घालून नुसती खाता येते. सोबत फुटाणे, शेंगदाणे, केळे. शिवभोजन केंद्र जवळ सुरू असेल तर दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

आणि अंड्याचा प्रश्न. "नॉनव्हेज चालणार नाही," असे खोली दाखवताना सांगतात, तेव्हा पुष्कळदा आडनाव विचारून झालेले असते. आमच्या ओळखीच्या मुली अंडी दप्तरात लपवून आणतात आणि टरफले कागदात गुंडाळून कॉलेजच्या कचरापेटीत टाकतात. स्वस्त आणि पूर्ण प्रथिन चोरून खावे लागते, याला केवळ आहाराचा प्रश्न म्हणता येणार नाही.

मुलींसाठी वेगळे सांगणे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. पण घरात आणि खोलीवरही शेवटी जेवते तीच. बाजरी, कडधान्ये, राजगिरा, पालेभाज्या वाढवा. जेवणात लिंबू पिळा, त्याने लोह शरीरात चांगले शोषले जाते. जेवणासोबत चहा घेऊ नका, तासाभराचे अंतर ठेवा, कारण चहा लोह अडवतो. सतत थकवा असेल तर गूळ-शेंगदाण्यांवर विसंबू नका. सिव्हिलमध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.

विहारांनी काय करावे

हा हिशोब एकट्या विद्यार्थ्याच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. स्वाधारचे पैसे हप्त्याने येतात, भूक रोज लागते. मधल्या महिन्यांत मुले उधारीवर जगतात किंवा शिक्षण सोडून गावी परततात.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. आपल्या विहाराच्या परिसरात खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी करा. त्यांचे वसतिगृहाचे आणि स्वाधारचे अर्ज वेळेत भरले गेले का, ते विचारा. अडले असेल तर समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात सोबत जा. सुगीला प्रत्येक घरातून पायली-दोन पायली ज्वारी, किलोभर मटकी किंवा शेंगा विहारात जमा करा. विहारातली शेगडी आणि भांडी परीक्षेच्या महिन्यात मुलांना वापरू द्या. आपल्या घरची खोली भाड्याने देत असाल तर अंडे शिजवू द्या. १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला, तरी काही मुलांचा महिन्याचा शिधा निघेल.

७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आपण विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो, पुष्पहार घालतो, भाषणे करतो. येत्या ७ नोव्हेंबरला भाषणापूर्वी सभागृहातल्या पोरांना एवढेच विचारू या, "बाळांनो, सकाळी काय खाल्ले?"

जयभीम.