कशेळ्याजवळचें लेणें व ठिपक्यांची विनयपोथी

कर्जत तालुक्यांतील कशेळ्याच्या परिसरांत आंबिवलीचें बौद्ध लेणें आहे. मध्यें मंडप, तीन बाजूंस भिक्षूंच्या खोल्या व भिंतींलगत दगडी ओटा, अशी त्याची रचना. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनीं एके ठिकाणीं राहावें हा विनयाचा नियम ध्यानांत घेतला म्हणजे अशा विहारांचें प्रयोजन कळतें. परंतु तो नियम कसा पाळला जाई, हें दगड सांगत नाहीं. त्यासाठीं ग्रंथांकडेच वळावें लागतें. अशा एका ग्रंथाचा उलगडा पुण्याच्या पंडितानें जपानी विद्वानांच्या साह्यानें केला. ती हकीकत पोथीसंग्राहकांच्या उपयोगाची आहे.

हे पंडित म्हणजे कै. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट (जन्म १८९४). फर्ग्युसन महाविद्यालयांत ते पालीचे अध्यापक होते. उपतिष्याच्या विमुत्तिमग्गाचें संघपालानें इ. स. ५१५ मध्यें केलेलें चिनी भाषांतर उपलब्ध आहे. पालीच्या अभ्यासकांचें लक्ष त्याकडे माकोतो नागाई यांनीं वेधलें. बापटांनीं त्याची बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गाशीं तुलना करून १९३७ मध्यें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

दुसरें कार्य याहून मोठें. विनयपिटकावरील समंतपासादिका ही पालि टीका बुद्धघोषाची मानितात. संघभद्राच्या नांवावर असलेला अठरा खंडांचा एक चिनी विनयग्रंथ हें त्याच टीकेचें रूपांतर होय, हें जुंजिरो ताकाकुसु यांनीं १८९६ मध्यें दाखविलें. पुढें बापटांनीं आकिरा हिराकावा यांच्या सहकार्यानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. तें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९७० मध्यें छापिलें. रूपांतर सर्वत्र मूळास धरून नाहीं. कांहीं ठिकाणीं धर्मगुप्तक पंथाच्या विनयाची छाया दिसते. म्हणून प्रत्येक वाक्य पालीशीं ताडून पाहावें लागतें.

या कामीं ताकाकुसु व वातानाबे यांनीं १९२४ पासून संपादिलेला तैशो त्रिपिटक हा मोठा आधार. त्याचें प्रत्येक पृष्ठ तीन रकान्यांत विभागलेलें असून खंड, पृष्ठ, रकाना व ओळ सांगितली कीं पुण्यांतील व टोकियोंतील अभ्यासक एकाच शब्दावर बोट ठेवूं शकतात.

याच संघभद्राविषयीं इ. स. ५९७ च्या एका चिनी ग्रंथसूचींत विलक्षण नोंद आहे. उपालीपासून शिष्यपरंपरेनें आलेल्या विनयपोथीवर, दरवर्षी वर्षावास संपून प्रवारणा झाली कीं, एक ठिपका देत. इ. स. ४८९ मध्यें संघभद्रानें कॅंटन येथें ठिपका दिला, तेव्हां एकूण ९७५ भरले. या हिशेबानें बुद्धनिर्वाण इ. स. पू. ४८६ मध्यें येतें. सिंहली गणना इ. स. पू. ५४४ सांगते, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचें अंतर पडतें. इतक्या शतकांत एकही ठिपका गळला नाहीं किंवा अधिक पडला नाहीं असें कोण म्हणेल? तथापि कालगणनेच्या वादांत हे ठिपके आजही साक्षीस बोलाविले जातात.

यावरून दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत. पहिली, बौद्ध वाङ्मयाच्या संशोधकास जपानी भाषा केवळ शोभेची विद्या नव्हे. या विषयावरील अनेक सूची, कोश व विवेचनें त्याच भाषेंत आहेत. दुसरी, पोथी नव्यानें बांधतांना कडा छाटूं नयेत आणि समासांतील निरर्थक वाटणारी खूणही नकलेंत उतरून घ्यावी. मजकुराच्या दुसऱ्या प्रती मिळूं शकतील. ठिपके मात्र त्या एकाच पोथीवर असतात.