एक कळफलक, दोन संगणक

आपण ठाणेकर आहोत. तेव्हा रुळांपासून आरंभ केला तर वावगे ठरू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी आपल्या गावी आली. ‘सांधा’ हा शब्द आपल्या ओळखीचाच. एक रूळ येतो, पुढे त्याचे दोन होतात. सांधा ज्या बाजूस वळवावा, त्या बाजूस गाडी जाते. आज ज्या वस्तूविषयी बोलायचे, ती असाच एक सांधा होय.

प्रश्न आपल्या नौपाड्यातल्या घरांचाच आहे. जुन्या इमारतीतली दोन खोल्यांची जागा आणि तीत एकच मेज. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि कचेऱ्या घरात शिरल्या. आमच्याकडे सूनबाईंचा कचेरीचा लॅपटॉप आणि घरचा जुना संगणक शेजारी शेजारी आले. दोन पडदे, दोन कळफलक, दोन माऊस मांडल्यावर चहाचा कप ठेवायला जागा उरेना. माणूस एक, हात दोन. मग कळफलक दोन कशाला?

यावर बाजारात जी डबी मिळते तिला ‘केव्हीएम स्विच’ म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांची ही आद्याक्षरे. डबीच्या एका अंगास कळफलक, माऊस व पडदा जोडायचा, दुसऱ्या अंगास दोन्ही संगणकांच्या तारा. कळ दाबली की तिन्ही वस्तू एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातात. दोन्ही संगणक चालूच असतात. आपण फक्त कोणाशी बोलतो ते बदलते.

आता, काही डब्या स्वस्त आणि काही चांगल्याच महाग का? कळफलकाचे काम हलके आहे. आपण कितीही भराभर टंकलेखन केले तरी सेकंदाला मोजके आकडे तारेतून जातात. पडद्याचे तसे नाही. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे वीस लाखांहून अधिक. आणि हे सारे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने पाठवावे लागते. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला चोवीस अंक धरले, तर हिशेब सेकंदाला सुमारे तीनशे कोटी अंकांवर जातो. एवढी वाहतूक वळवताना सांधा जरा जरी ढिला असला, तरी चित्र लुकलुकते किंवा पडदा काळा होतो.

आणखी एक अडचण. पडदा संगणकाला आपली ओळख सांगत असतो: मी अमुक मापाचा, अमुक वेगाचा. हलक्या डबीत कळ फिरवताच ही ओळख तुटते; संगणकाला वाटते, पडदा गेलाच. मग उघड्या खिडक्या विस्कटतात. चांगली डबी ती ओळख स्वतःपाशी टिपून ठेवते आणि दोन्ही संगणकांना पडदा हजर असल्याचे सांगत राहते. लॅमिंग्टन रोडवर घ्यायला गेलात, तर दुकानदाराला हीच गोष्ट आधी विचारावी.

पडद्याला दोन तारा जोडण्याची सोय असेल, तर माझ्या मते सबंध डबी घेऊच नये. दोन्ही संगणक थेट पडद्याला जोडावेत, पडद्याच्याच बटणाने चित्र बदलावे आणि कळफलक-माऊसपुरती छोटी डबी घ्यावी. एकाऐवजी दोन बटणे दाबावी लागतात, एवढेच.

तिसरा मार्ग डबीशिवायचा. दोन्ही संगणकांना आपापला पडदा असेल, तर दोहोंवर एक आज्ञावली बसवतात. मग माऊस एका पडद्याच्या कडेवरून सरळ दुसऱ्यावर जातो आणि कळा घरातल्या जाळ्यातून त्याच्यामागे जातात. आमच्या नातवाने आईला न विचारता हीच युक्ती केली. मोठी मौज वाटली. पण अशा आज्ञावलीत एका संगणकावर उचललेला मजकूर दुसऱ्यावर ठेवता येतो. इमारतीच्या पुनर्विकासाला हरकत घेणारा माझा मसुदा मी घरच्या संगणकावर उचलला, आणि तो सूनबाईंच्या हातून कचेरीच्या पत्रात उतरला. दोष आज्ञावलीचा नव्हे. तिने सांगितले तेच केले. मात्र परवानगीवाचून बाहेरची आज्ञावली बसवलीत कशी, याचा खुलासा सूनबाईंना द्यावा लागला आणि आठवडाभर घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. डबीत मजकूर असा ओलांडून जात नाही. पेनड्राइव्ह मात्र तिला जोडू नये. कळ फिरली की तोही पलीकडे जातो.

मराठी लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. कळफलक अक्षर पाठवीत नाही, कळीचा क्रमांक पाठवतो. ‘एच’च्या कळीचा इनस्क्रिप्ट पद्धतीत ‘प’ होतो, तो संगणकात. म्हणून मराठी मांडणी दोन्ही संगणकांवर वेगवेगळी बसवावी लागते. आणि कळ फिरवल्यावर पहिले अक्षर उमटेपर्यंत नजर पडद्यावर ठेवावी, विशेषतः परवलीचा शब्द लिहिताना.