काळ्या मातीवरचं सपाट टेबल

जुन्या एमएम ५४० जीपच्या मागच्या स्प्रिंगचा ब्रॅकेट मी पहिल्यांदा अंगणातल्या फरशीवर ठेवून वेल्ड केला. गुण्या लावून बघितला होता, टॅक मारल्यावर परत बघितला होता. पूर्ण वेल्ड मारून थंड होऊ दिला आणि पिन घालायला गेलो, तर दोन्ही कानांची भोकं समोरासमोर येईनात. पिन एका कानातून जायची आणि दुसऱ्याच्या कडेला अडायची. लोखंड तापताना फुगतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण वेल्ड थंड होताना आखडतो आणि आजूबाजूचं लोखंड आपल्या बाजूला ओढून घेतो, हे मला त्या पिनेनं शिकवलं. ती ओढ सहन करून ब्रॅकेटला जागेवर धरणारं काहीतरी खाली हवं होतं, आणि फरशी काही धरून ठेवत नाही. म्हणून जीपचं काम थांबवलं आणि आधी टेबल करायला घेतलं.

अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीकडे भंगारातल्या प्लेटा बघत दोन सकाळी घालवल्या. हवी होती १२ मिलीमीटर जाडीची, सहा फूट बाय तीन फूट. एवढी प्लेट साधारण १५८ किलो भरते, आणि वजनाच्या भावानं घ्यायची म्हटल्यावर दहा मिलीमीटरची, २६ किलोनं हलकी प्लेट खुणावते. तरी बारावर ठाम राहिलो, कारण वेल्डच्या ओढीला हे वजन आणि ही जाडीच उत्तर देते. गॅसनं कापलेल्या प्लेटांच्या कडा उष्णतेनं वाकलेल्या असतात, त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तपासायची एक सोपी रीत आहे. हॅक्सॉ ब्लेडचे तीन सारखे तुकडे घ्यायचे, दोन टोकांना दोन ठेवून त्यांच्यावर दोरी ताणायची आणि तिसरा तुकडा दोरीखालून सरकवत न्यायचा. तो दोरीला अडला तर तिथं फुगवटा, खालून मोकळा गेला तर खड्डा. पाचव्या प्लेटवर तिसरा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरीला जेमतेम शिवत गेला. तीच छोटा हत्ती टेम्पोत घालून आणली, आणि फाटकापासून शेडपर्यंत पाइपांवर ढकलत नेली.

पाय आणि चौकट ७५ च्या चॅनेलची. चौकट काटकोनात आहे का, हे गुण्यापेक्षा कर्ण खरं सांगतो. ७२ इंच बाय ३६ इंचांचा कर्ण साडेऐंशी इंच यायला हवा, आणि दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. माझ्या चौकटीत सुरुवातीला चार मिलीमीटरचा फरक होता. टॅक तोडून, लांब कर्णावर क्लॅम्प आवळून तो काढला.

खरी अडचण त्यानंतर आली. आमचं घर काळ्या मातीवर आहे. सोलापुरात बरीच घरं तशीच आहेत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरची फरशी तिच्यासोबत वरखाली होते. चार पायांतला एक जरी अधांतरी राहिला तरी जड जॉब ठेवल्यावर चौकटीला पीळ बसतो. शेजारी एक अण्णा राहतात. आयुष्यभर यंत्रमागांवर जॉबर होते. ते येऊन बघत उभे राहिले आणि म्हणाले, "माग पातळीत नसला की धोटा नीट जात नाही बे. आम्ही आधी पाणी बघायचो, मग माग." या शहरात पहिली कापडगिरणी १८७७ ची. मागाचे पाय पातळीत बसवण्याची ही समज इथं किती पिढ्यांच्या हातांतून आली असेल, असं त्यांच्याकडे बघताना वाटत राहिलं.

त्यांच्या सांगण्यावरून प्रत्येक पायाखाली १६ मिलीमीटरचा बोल्ट आणि जाड चकती दिली. या बोल्टचा आटा दोन मिलीमीटरचा, म्हणजे पाव फेरा फिरवला की पाय अर्धा मिलीमीटर उचलतो.

मग पातळी तपासायला पाण्याची नळी. दुपारी एकदा लावली, चारी कोपरे जुळवले, आणि संध्याकाळी परत लावली तर एक कोपरा तीन मिलीमीटर वर! बोल्टला कोणी हात लावला नव्हता. अण्णांनी नळीकडे बोट केलं. दुपारी नळीचं एक टोक पत्र्याच्या शेडबाहेर उन्हात उभं होतं. मे महिन्यातलं आमचं ऊन चाळीस अंशांच्या पुढचं. गरम पाणी हलकं होतं, त्यामुळे त्या बाजूचा पाण्याचा स्तंभ जास्त उंच चढतो. मीटरभर उंचीला पंधरा अंशांचा फरक पडला तर पातळी चार-पाच मिलीमीटरनं खोटी दाखवते. मी चुकीच्या पाण्यावर टेबल जुळवलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला परत लावली. "घाई कशाला करतो? पाणी थांबू दे की," असं म्हणत अण्णांनी नळीतला बारीक बुडबुडा टिचकी मारून वर काढला. पाणी थरथरलं, हळूहळू स्थिरावलं, तेव्हा कुठं पेन्सिलनं खूण केली.

वेल्डिंगला सपाटपणा लागतो, पातळी लागत नाही, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण टेबल पातळीत असलं की जॉबवर ओळंबा आणि स्पिरिट लेव्हल वापरता येते. चार मापं कमी घ्यावी लागतात आणि तेवढ्या चुकाही कमी होतात.

प्लेट चौकटीला जोडताना सगळ्यात जास्त जीव मुठीत होता. सरळ प्लेट वेल्डच्या ओढीनं वाकली तर सगळंच गेलं. जिथं फट होती तिथं पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या, प्लेट दाबून टेकवली नाही. मग मध्यापासून सुरुवात केली. इंचभर वेल्ड, समोरच्या बाजूला जाऊन इंचभर, मग आठ इंच सोडून पुढचा. प्रत्येक वेल्डनंतर हात ठेववेल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं. त्या शांततेत स्लॅग आपोआप सुटताना बारीक 'टक' आवाज येतो, तो ऐकत बसायचो. एवढ्याशा जोडकामाला दोन सकाळी गेल्या. शेवटी दोरी ताणून ब्लेडचा तुकडा फिरवला. एका कोपऱ्यात थोडी फट दिसली, बाकी सगळीकडे शिवत गेला.

टेबलावर मधोमध रेघ ओढून पंच मारले. जीपची पुढची आणि मागची चाकं ९१ इंच अंतरावर असल्यामुळे अख्खी चॅसी टेबलावर मावत नाही, आणि तिला मूळ रचनेपासून बदलायचंही नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तसा बदल करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. शेतातल्या चिखलात, सीना नदीच्या काठावर गाडी न्यायची असेल तर मूळ मापं जशीच्या तशी परत आणणं, एवढंच माझं काम आहे. नवा ब्रॅकेट टेबलावर क्लॅम्प केला, दोन्ही भोकांतून पिन आधीच घालून ठेवली आणि मगच वेल्ड मारला. थंड झाल्यावर पिन हातानं निघाली.

जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले. फरशीच्या एका कडेला नवी भेग दिसली म्हणून पहाटे नळी काढली. अंगणाकडचा पाय वर आलेला होता. तिथला बोल्ट पाव फेरा उलटा फिरवला. अण्णा कट्ट्यावरून बघत होते. "अजून पाव," म्हणाले.