ठासणीची जुनी बंदूक स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?

मंडळाच्या बैठकीत वर्षातून दोनदा तरी कुणीतरी विचारतेच, "एक जुनी बंदूक स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" उज्जैनात हा प्रश्न येणारच. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेईपर्यंत शिंद्यांचा कारभार इथून चाले. 1801 च्या जुलैत यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या फौजेचा इथेच पराभव केला. 21 डिसेंबर 1817 ची महिदपूरची लढाई तर आपल्याच जिल्ह्यात, क्षिप्रेकाठी झाली. त्यामुळे एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून ठासणीची बंदूक निघाली की तिच्याबरोबर एक लढाईही निघते. विकणारा पैसे बंदुकीचे घेतो, लढाई फुकट देतो.

दोनेक वर्षांपूर्वी मला असाच निरोप आला. जुन्या शहरातला वाडा, वाटण्या होऊन पाडायला निघालेला. घरातला तरुण मुलगा म्हणाला, "काका, यशवंतरावांच्या लढाईतली रायफल आहे. कबाडी तीन हजार म्हणतोय, तुम्ही साडेचार द्या." बंदूक भिंतीला टेकून उभी होती. मी लांबूनच तिचा घोडा पाहिला आणि म्हटलं, बाळा, ही 1801 ची नाही.

हे सांगायला फार विद्या लागत नाही. तोडेदार बंदुकीत जळता तोडा रंजकाच्या प्याल्यात टेकतो. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी असते, ती पोलादावर घासून ठिणगी पडते. टोपीदार बंदुकीत घोडा हातोडीसारखा असतो आणि निपलवर बसवलेल्या तांब्याच्या टोपीवर आपटतो. फौजांमध्ये टोपी सर्रास आली ती 1840 च्या आसपास. या बंदुकीला निपल होते. आता, चकमकीच्या कितीतरी बंदुका पुढे टोपीदार करून घेतल्या गेल्या, पण तशा बंदुकीच्या कळपट्टीवर प्याल्याच्या जागची जुनी भोके बुजवलेली दिसतात. इथे पट्टी कोरी होती.

पण हे सगळे नंतरचे. बंदूक हातात घेतल्यावर पहिले काम एकच, आणि ते मी ज्याला त्याला सांगत असतो. ती भरलेली आहे का ते बघा. चाप ओढून नव्हे, नळीत डोकावून तर मुळीच नव्हे. निपलवर टोपी किंवा तिचा चुरा नाही ना, हे नुसते बघून घ्या. घोड्याला हात लावू नका. मग बंदूक कुणाच्याच दिशेला रोखलेली नाही अशी आडवी ठेवा, स्वतः तोंडासमोरून बाजूला व्हा आणि एक लाकडी काठी (लोखंडी गज नको, ठिणगीची भीती) तोंडातून अलगद आत सरकवा. टेकली की तोंडाशी पेन्सिलीची खूण करा. काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. नळी रिकामी असेल तर काठीचे टोक निपलच्या, किंवा तोडेदार असेल तर कानाच्या, जागेपर्यंत पोचते. नाही पोचले तर आत काहीतरी आहे. कुंभारमाशीचे घरटे असू शकते, चिंधी असू शकते. बारही असू शकतो.

आमची काठी सव्वादोन इंच कमी पडली. दारू, बुच, गोळी आणि वर पुन्हा बुच धरले तर साधारण तेवढीच जागा लागते.

मुलगा हसला. "काका, शंभर वर्षं झाली, माती झाली असेल." काळ्या दारूची माती होत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा हे नुसते मिश्रण. कोरडे राहिले तर पिढ्यान् पिढ्या तसेच राहते. 2008 मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एका संग्राहकाचा जीव गेला. तो गोळा एकशे चाळीसहून अधिक वर्षांचा होता. आणि या घरात, नंतर कळले, दर दसऱ्याला लहान मुले ती बंदूक खांद्याला लावून फोटो काढत असत.

त्या दिवशी बंदूक आहे तशी ठेवायला सांगून आम्ही ठाण्यात कळवले. परवानाधारक दुकानातल्या कारागिराने निपलच्या बाजूने पाणी मुरवून दारू भिजवली आणि दुसऱ्या दिवशी फिरकी लावून बार ओढून काढला. शिशाची गोळी, नारळाच्या काथ्याचे बुच आणि काळा चिखल. हे काम घरी करू नका. मी इंजिनिअर आहे, हातात हत्यारे घेऊनच आयुष्य गेले, तरी मी केले नाही.

मग मात्र मला तासभर मिळाला. मी आधी नळी बघतो, कारण लाकूड बदलता येते, कळ बदलता येते, नळी बदलणे महाग. दोऱ्याला बारीक दिवा बांधून आत सोडला. खड्डे बहुतेक मागच्या टोकाला असतात, कारण दारूची राख हवेतले पाणी ओढते आणि लोखंड खाते. मग स्क्रू. एखाद्यात आजचा मेट्रिक नट सहज बसला तर तो भाग हल्लीचा समजावा. घोडा अर्धा चढवून चाप ओढला तर तो पडता कामा नये. पडला तर आतली खाच झिजली आहे.

"रायफल" म्हणजे नळीच्या आत पिळाच्या खाचा हव्यात. त्याची सोपी परीक्षा अशी की काठीला घट्ट चिंधी गुंडाळून आत ढकलायची. खाचा असतील तर काठी हातात आपोआप वळते. 1853 च्या एनफील्डला 78 इंचांत एक वेढा आहे, नळी 39 इंचांची, म्हणजे काठीने अर्धा वेढा घ्यायला हवा. बंदूक बाहेरून हुबेहूब एनफील्ड. कळपट्टीवर मुकुट आणि टॉवर ही अक्षरे. काठी सरळ गेली, रेसभरही वळली नाही. तोंडाचे माप घेतले तर साडेसोळा मिलिमीटर. एनफील्डचे हवे 14.7.

मुकुट आणि अक्षरे खोटीही ठोकतात, म्हणून माझा भरवसा मापावर. ही मापे 1858 च्या नमुन्याशी जुळतात. 1857 नंतर इंग्रजांना हिंदी शिपायाच्या हातात लांब पल्ल्याची रायफल नको होती, म्हणून तीच बंदूक खाचा न ठेवता, मोठ्या तोंडाची करून दिली. दिसायला गोऱ्या शिपायासारखीच, मारा मात्र जुन्या बंदुकीचा. यशवंतरावांच्या लढाईपेक्षा ही हकीकत मला मोठी वाटली. मुलाला नाही वाटली.

नाव किंवा शिक्का नसला म्हणून बंदूक टाकाऊ समजू नका. महादजींच्या काळात आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट कारागीर द बॉयन्यच्या पलटणींसाठी बंदुका करी, एक साधारण दहा रुपयांत. आणि विकण्याआधी कुणी पॉलिश करून ठेवली असेल तर किंमत वाढली नाही, उतरली. बिकानेरच्या शस्त्रागारात 1689 च्या अदोनीच्या वेढ्यानंतर आणलेल्या हत्यारांवर ठिपक्याठिपक्यांनी खोदलेला मजकूर आहे. असला मजकूर एका दुपारच्या सँडपेपरने जातो.

आता घ्यायची का? 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ज्यातून बार उडणार नाही अशांनाच. माझ्या हातातली बंदूक काल भरलेली होती. नळी शाबूत, कळ शाबूत. तिला परवाना हवा. आजोबांचा परवाना त्यांच्याबरोबर गेला होता. तेव्हा साडेचार हजारांना मी घेतली असती तर देणारा आणि घेणारा दोघेही गुन्ह्यात. शिवाय शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करायला वेगळा परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही.

घरच्यांनी कलम 21 प्रमाणे ती ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. परवान्यासाठी अर्ज मुलाच्या आईने केला आहे. माझ्याकडे मापांचा कागद, सोळा फोटो आणि पेन्सिलीची खूण असलेली ती काठी आहे. मुलगा परवा भेटला होता. पाहुण्यांना तो अजून यशवंतरावांचीच सांगतो.